मेजरची हजेरी

पाहुणे येणार त्या दिवशी मेजरला दारात ठेवायचं नाही, असं विमलाबाईंनी ठरवलं आणि लताबाईंनी त्याला मान डोलावली. पगाऱ्यांच्या घरात या दोन जावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत होणं ही रोजची गोष्ट नव्हती. दसऱ्याच्या आधी चुलीच्या लाकडांवरून दोघींनी जो अबोला धरला होता, तो अजून पुरता सुटलेला नव्हता. पण विमलाबाईंच्या लेकीच्या, यशोधरेच्या लग्नाचा प्रश्न आला आणि दोघींची तोंडं एकाच दिशेला वळली.

"बाबांना कोण सांगणार?" लताबाईंनी विचारलं.

"सांगायचंच नाय," विमलाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या प्रहरी पाव्हणे येतील, चहा-पोहे घेतील आन दिवेलागणीच्या आत जातील. तेवढा वेळ मेजर शेजारच्या गोजराबाईच्या गोठ्यात. हजेरीच्या आधी परत. बाबांना कळायचं बी नाय."

"आन माझ्या माणसाला?"

"पुंजाभावजी पाव्हण्यांना आणायला फाट्यावर जातील. मागचं तू बघ."

लताबाईंनी पदर खोचला. मोठ्या जावेने आपल्यावर एवढं मोठं काम सोपवल्याची ही पहिलीच वेळ होती, त्यामुळे त्या जरा फुललेल्याच होत्या.

मेजर हे पगाऱ्यांचं गाढव होतं. 'गाढव' हा शब्द मात्र त्या घरात कोणी उच्चारत नसे. भांडताना नाही, लहान पोरांना रागावताना नाही, आणि नवरा-बायकोच्या खासगी बोलण्यातही नाही. कोणाची अक्कल काढायचीच झाली तर त्याला बैल म्हणत. शेजारपाजारचे हसायचे, पण या जावांचे सासरे सावळीरामबाबा, त्यांच्यापुढे हसायची कोणाची टाप नव्हती.

बाबा तरुणपणी देवळालीच्या कॅम्पात मोतद्दार होते, लष्कराच्या डेपोत जनावरं सांभाळायचे. तिथला मेजर हॉपकिन्स हा जनावरांचा वेडा. पहाडात तोफा ओढणारी दांडगी खेचरं पैदा करायची तर नर दांडगा पाहिजे, म्हणून त्याने साता समुद्रापलीकडून बोटीने एक गाढव मागवलं. आपल्याकडच्यापेक्षा दीडपट उंच, आणि पाठीवर मानेपासून शेपटीपर्यंत काळी रेघ. साहेब लोकांची रीतच ती, जिथे जातील तिथे आपला मुलूख जनावरांसकट घेऊन जायचं. हॉपकिन्सच्या बंगल्यात टर्की होती, ससे होते, पांढऱ्या विलायती कोंबड्या होत्या. इंग्रज गेले तेव्हा बोटीत जागा माणसांपुरतीच निघाली आणि ही सगळी दुनिया साहेबाने सावळीरामच्या पदरात टाकली.

तिची पुढे काय गत झाली हे पगाऱ्यांच्या पाथर्डी गावात आजही सांगतात. सशांनी पाटलाच्या ओट्याखाली इतकी बिळं केली की एका पावसात ओटाच खचला. टर्की बघायला पंचक्रोशीतून माणसं आली. 'मोराला कसला आजार झाला' म्हणून हळहळली. पुढे एका दिवाळीत फटाका वाजला आणि टर्की जी नदीकडे पळाली ती पुन्हा कोणाला दिसली नाहीत. कोंबड्या रोज नेमाने अंडी घालत, पण उबवायला बसणं त्यांच्या गावीही नव्हतं. शेवटी राहिलं ते एवढं गाढव. साहेबाची आठवण म्हणून बाबांनी त्याला मेजर म्हटलं. मग त्याच्या पोटचा झाला तोही मेजर, आणि आताचा हा तिसरा, तीच उंची आणि तीच काळी रेघ घेऊन आलेला. वालदेवी नदीच्या काठावरची वाळू तो शहरातल्या बांधकामांवर पोचवायचा. पुंजाराम काठावर गोण भरून द्यायचा, तिकडे मुकादम उतरवून घ्यायचा, आणि मधली सगळी वाट मेजरची एकट्याची.

आता गंमत अशी की वस्तीवरची बाकीची बौद्ध मंडळी शिकून नोकरीला लागली होती. कोणी रेल्वेत होतं, कोणी शाळेत, खुद्द बाबांचा थोरला, विमलाबाईंचा नवरा निवृत्ती, एकलहऱ्याच्या वीज केंद्रात. सभेला आलेले कार्यकर्ते बाबांना प्रेमानेच विचारायचे की आपण जुनी ओझी टाकून दिली, तुम्ही हे नवं कुठून उचललंत? बाबा म्हणायचे, "त्या विहाराची वाळू कोणी आणली ते बघा आन मग बोला." विहाराची सगळी वाळू मेजरनेच आणली होती, तीही फुकट. त्यामुळे तो विषय तिथेच थांबायचा.

पण सोयरिकीच्या बाबतीत विषय असा थांबत नसतो. यशोधरा डी.एड. झालेली, नगरपालिकेच्या शाळेत शिकवणारी, नाकीडोळी नीटस. तरी एक स्थळ दारातल्या गोठ्याकडे बघून चहा अर्धा टाकून गेलं आणि दुसऱ्याने नंतर निरोपच पाठवला नाही. आता हे तिसरं. शहरातल्या द्वारका भागात राहणारे गांगुर्डे मास्तर, त्यांची बायको कमळाबाई, आणि मुलगा भास्कर टपाल खात्यात. मुला-मुलीचं एकमेकांना द्वारकेला मध्यस्थांच्या घरी बघून झालं होतं, दोघांची पसंतीही होती. आज थोरली मंडळी घर बघायला यायची होती, आणि 'घर बघायचं' या शब्दांनी विमलाबाईंची झोप उडाली होती.

यशोधरेला मात्र हा बेत मुळीच पटला नव्हता.

"आई, आज लपवलंस, उद्या काय करशील? जन्मभर त्याला गोजरामावशीच्या गोठ्यात ठेवशील का?"

"एकदा अक्षता पडू दे. मग मी स्वतः सांगते."

"मी सांगते ना आजच."

"तू पोह्यांना कांदा चिर," विमलाबाई म्हणाल्या.

जेवणं झाली, बाबा ओट्यावर लवंडले, पुंजाराम छत्री घेऊन फाट्यावर गेला आणि लताबाई कामाला लागल्या. त्यांनी दावं सोडलं, ओढलं. मेजर हलला नाही. त्यांनी गूळ दाखवला. त्याने गूळ खाल्ला आणि पुन्हा तसाच उभा राहिला. मागून ढकलायची त्यांची छाती होईना. या घरात येऊन एवढी वर्षं झाली तरी लताबाईंनी मेजरच्या कामाला कधी हात लावला नव्हता. पण नवऱ्याला रोज सकाळी बघत होत्या, आणि एक गोष्ट त्यांच्या पक्की ध्यानात होती. पाठीवर गोण पडली की मेजर चालायला लागतो.

त्यांनी कोपऱ्यातली रिकामी गोण उचलली आणि त्याच्या पाठीवर टाकली.

मेजर चालायला लागला. लताबाई खूश होऊन दावं धरून बरोबर निघाल्या. गोजराबाईचा गोठा आला आणि मेजर तो ओलांडून तसाच पुढे गेला. लताबाईंनी दावं ओढलं, मग दाव्याने लताबाईंना ओढलं, आणि मारुतीच्या पारापर्यंत गेल्यावर हातातलं दावं सुटलं. गोण पडली म्हणजे खेप सुरू झाली, आणि ती पुरी झाल्याशिवाय मेजर थांबत नसतो, ही दुसरी अर्धी गोष्ट पुंजारामने बायकोला कधी सांगितली नव्हती.

घाम पुसत त्या परत आल्या तेव्हा विमलाबाई ताटल्या पुसत होत्या.

"ठेवला का?"

"गेला," लताबाई म्हणाल्या.

"कुठं गेला?"

"ते त्यालाच ठावं. शहराकडं गेला."

विमलाबाईंनी कपाळावर हात मारला. पण मग त्यांच्या मनात आलं, गेला तर गेला, आज दारात नसला म्हणजे झालं. तो काही वाट चुकायचा नाही. त्यांनी जावेला पाणी दिलं आणि पुढच्या तयारीला लागल्या.

पाहुण्यांची बस द्वारकेलाच खोळंबली, त्यामुळे तिसऱ्या प्रहरी येणारी मंडळी ऊन कलल्यावर आली. गांगुर्डे मास्तर अंगाने बारीक, बोलायला त्याहून कमी. त्यांच्या वाटणीचं सगळं कमळाबाई बोलायच्या. जयभीम झाला, पाणी झालं, चहा झाला. कमळाबाईंनी घर बघितलं, विहिरीत डोकावल्या, यशोधरेला जवळ बसवून शाळेतलं विचारलं. नजर स्वच्छ होती बाईची, आणि जीभ सरळ. विमलाबाईंना त्या आवडल्या, आणि त्यामुळे भीती आणखीच वाढली.

"उशीर झालाच आहे, तर जेवूनच जा," निवृत्ती म्हणाला. बायकोने डोळे वटारले ते त्याला दिसलेच नाहीत.

"चालेल की," कमळाबाई म्हणाल्या. "तिकडे घरी कोण वाट बघतंय? भास्कर प्लॉटवर आहे, इंदिरानगरला. बांधकाम काढलंय ना आम्ही. भिंतींना पाणी मारतोय तो."

"इंदिरानगर आता लय वाढलं," निवृत्ती म्हणाला.

"वाढलं हो, पण काळी माती. परतीचा पाऊस झाला आणि ट्रकची चाकं रुतायला लागली. मग मुकादमाने वाळूला गाढवं लावली." कमळाबाईंनी कप खाली ठेवला. "त्यातलं एक आहे ना, त्याला गाढव म्हणावं की घोडा म्हणावं मला कळत नाही. हे एवढं उंच. पाठीवर काळी रेघ."

लताबाईंच्या हातातली ताटली खाली पडली.

"सोबत माणूस नाही की पोर नाही," कमळाबाई सांगत राहिल्या. "एकटं येतं, माल उतरवला की एकटं जातं. येईना का. पण मी हौसेने दोडक्याचा वेल लावला होता कुंपणाला. शेंड्यापासून मुळापर्यंत खाल्ला. आणि खाऊन माझ्याकडे बघत उभं, आणखी आहे का म्हणून. मी काठी उगारली तर मान पुढे केली, खाजवायला. अहो, तुम्ही सांगा यांना."

"बरोबर आहे," मास्तर म्हणाले.

"याच बाजूने येतं म्हणे. मालक भेटला ना, तर चार शब्द सुनावणार आहे मी त्याला. कोणाचं आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?"

पुंजाराम छताकडे बघायला लागला. निवृत्तीला खोकला आला. यशोधरेने तोंड उघडलं, पण तिच्या आधी विमलाबाई बोलून गेल्या.

"आम्हाला काय ठाऊक बाई? आमच्यात नाय कोण गाढवं पाळीत."

ओट्याच्या कोपऱ्यात सावळीरामबाबा बसले होते. ते जागे होते, आणि त्यांचे कान शाबूत होते. विमलाबाईंनी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. एकदा हे लग्न ठरू दे, मग पाय धरीन, असं त्यांनी मनाशी म्हटलं.

सूर्य बुडाला. बाबा उठले, खुंटीवरचा खाकी कोट अंगात घातला, गळ्यापर्यंत गुंड्या लावल्या आणि अंगणात जाऊन ताठ उभे राहिले.  पाहुण्यांच्या नादात त्या दिवेलागण विसरल्या होत्या.

डेपोतली नोकरी सुटली तरी तिथली संध्याकाळची हजेरी बाबांनी सोडली नव्हती. माणूस असो की जनावर, घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतलं जाई आणि प्रत्येकाने 'हजर' म्हणायचं. हजेरीचे नियमही डेपोतलेच. एकजण जरी कमी असला तरी हजेरी पुरी होत नाही, आणि ती पुरी झाल्याशिवाय कोणी अन्नाला शिवत नाही. आणखी एक नियम होता, पण तो कधीतरीच लागायचा. भरकटलेलं जनावर जो परत आणी, त्याचं नाव सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं आणि त्याला सलाम ठोकायचा.

"साळूबाई," बाबांनी पुकारा केला, आणि त्यांनीच उत्तर दिलं, "रजेवर." साळूबाई ही त्यांची बायको. तिला जाऊन खूप वर्षं झाली होती, पण बाबांनी तिचं नाव काही काढलं नव्हतं.

"निवृत्ती."

"हजर," निवृत्ती पाहुण्यांकडे न बघता म्हणाला.

"विमल."

"हजर."

पुंजाराम झाला, लता झाली, यशोधरा झाली. कमळाबाई कौतुकाने बघत होत्या. मास्तर तर नकळत ताठ बसले होते.

"मेजर," बाबा म्हणाले.

गोठ्याकडून काही आवाज आला नाही.

"मेजर."

"मेजर कोण?" कमळाबाईंनी विचारलं. "मिलिटरीत आहे का कोणी तुमच्याकडे?"

विमलाबाई कमळाबाईंकडे झुकल्या. त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "बाबांचा जुना साहेब होता, त्याचं नाव. वय झालंय ना. होतं असं कधी कधी त्यांचं."

आवाज हलका होता, पण बाबांना ऐकू जाण्याइतका मोठा होता. त्यांनी सुनेकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर विमलाबाईंना सोसलं असतं. त्यांनी नुसतंच पाहिलं, मग कोटाच्या गुंड्या काढल्या, पुन्हा लावल्या, आणि पायरीवर बसले. हजेरी पुरी झाली नाही.

स्वयंपाकघरात भरीत तयार होतं, शेवेची भाजी उकळत होती, भाकरींची चळत लागलेली होती. वास ओट्यापर्यंत जात होता आणि मास्तर वारंवार आवंढा गिळत होते. विमलाबाईंनी ताटं मांडायला घेतली.

"लता, भरीत वाढ."

लताबाई चुलीपाशी बसून राहिल्या. "हजेरी व्हायची हाय, अक्का."

"आज राहू दे हजेरी."

"तुमीच वाढा मग. माझा हात नाय उचलायचा."

यशोधरा दाराशी उभी होती. तीही जागची हलली नाही. "आई, आजोबांना तू म्हातारचळ लागलाय म्हणालीस," ती म्हणाली. "चारचौघांत."

"तुझ्यासाठीच म्हणाले ना ग."

"माझ्यासाठी नको होतं."

विमलाबाई हातात ताट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. पुंजाराम वहिनीशी एक अक्षर न बोलता मेजरला शोधायला बाहेर पडला होता. पोटच्या पोरीने तोंड फिरवलं होतं, आणि जिच्याशी एवढी जुळवाजुळव केली ती जाऊ पुन्हा पहिल्यासारखी परकी झाली होती.

त्यांना त्यांची या घरातली पहिली संध्याकाळ आठवली. सिन्नरहून लग्न करून आल्या तेव्हा त्या अगदीच कोवळ्या होत्या. माहेरी सात भावंडं. आईने हाक मारली तर 'अगं ए' म्हणून, आणि ती नेमकी कोणाला हेही कोणाला कळायचं नाही. इथे आल्यावर तोंड लपवून कोपऱ्यात रडत बसल्या होत्या. दिवेलागणीला हा खाकी कोटातला सासरा अंगणात उभा राहिला आणि नावं घ्यायला लागला. निवृत्तीच्या मागोमाग खणखणीत आवाजात 'विमल' म्हणाला. त्या घाबरून गप्प बसल्या. तेव्हा साळूबाई कानाशी पुटपुटल्या होत्या, 'हजर म्हण पोरी. बाहेरनं आलेल्याला ते आधी हजेरीत घेतात, मग कामाला लावतात. त्या मेजरला बी तसंच घेतलं.' त्या रात्री विमलाबाई पोटभर जेवल्या होत्या. आपण आलो नाही तर कोणीतरी जेवायचं थांबेल, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं होतं.

आणि आज आपणच मेजरला घराबाहेर काढलं, वर ज्याने आपलं नाव घेतलं त्याला वेडा ठरवलं. विमलाबाईंनी ताट खाली ठेवलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि आता काय करावं ते सुचेना.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाकडून आवाज आला. तो आवाज ज्याने एकदा ऐकलाय तो विसरत नाही. आधी दम ओढल्याचा, मग बिजागरीसारखा करकरणारा, मग सगळी वस्ती हलवून सोडणारा. सावळीरामबाबा पायरीवरून उठले.

मेजर अंगणात शिरला. पाय गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलाने माखलेले, पाठ मोकळी. त्याच्या मागून एक तरुण आला. त्याची पँट दुमडलेली, चपला हातात, रिकामी गोण खांद्यावर, आणि पाय मेजरसारखेच माखलेले. पुंजाराम त्याच्या मागे होता, त्याला काही विचारू की नको अशा चेहऱ्याने.

"भास्कर?" कमळाबाई उभ्याच राहिल्या. "तू इथे कसा?"

"आई? तुम्ही इथे?" भास्करने अंगणभर नजर फिरवली, दारातली यशोधरा दिसली आणि त्याने चपला घाईघाईने खाली टाकल्या. "मला काय माहीत हे घर यांचं. मी याच्या मागून आलो. आज रविवार, काम बंद, तरी हा एकटाच येऊन उभा. गोण रिकामी. माल नाही. म्हटलं भरणाऱ्याला नदीवर काही झालं तर नसेल? गोण उतरवली, थोपटलं, तसा परत फिरला. म्हटलं बघू तरी जातो कुठे."

"हेच ते," कमळाबाई मेजरकडे बोट करून म्हणाल्या. "हेच ते गाढव. पण हे या अंगणात कसं शिरलं?"

पळवाट आयती समोर होती. निवृत्तीला ती आधी दिसली. "चुकून शिरलं असेल," तो म्हणाला आणि कोपऱ्यातली काठी घेऊन मेजरच्या अंगावर गेला. "हाट, हाट."

मेजरने त्याच्याकडे नवलाने पाहिलं. या घरात त्याला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. सावळीरामबाबांनी मुलाकडे पाहिलंच नाही. ते सुनेकडे बघत होते.

विमलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या, अंगण ओलांडलं आणि नवऱ्याच्या हातातली काठी काढून घेतली.

"त्याला हात लावू नका," त्या म्हणाल्या. "चुकून नाय आलेला. घरचा हाय."

मग त्या कमळाबाईंकडे वळल्या. त्यांनी मेजरच्या मानेवर हात ठेवला. "हा मेजर. बाबांनी मघाशी याचंच नाव घेतलं. तुम्ही याल म्हणून मी त्याला लपवायला लावला. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोलले. बाबांचं डोकं तुमच्या-माझ्यापेक्षा ठीक हाय, तेबी खोटं बोलले. या घरातलं सगळं यानंच पाठीवर वाहून आणलंय. आता तुम्हाला जे ठरवायचं ते ठरवा."

 कमळाबाई मेजरसमोर गेल्या. त्याने सवयीने मान पुढे केली.

"माझा वेल खाल्लाय याने," त्या म्हणाल्या.

"दोडका ना?" बाबा पुढे झाले. "त्याचा आजा बी दोडक्यापायी असाच वागायचा. मॅडमसायबाचा मांडव एका दुपारी साफ केला होता. खानदानी खोड हाय ती, बाई. वेल मी लावून देतो. माफी मागायची तर त्याच्या वतीनं मी मागतो."

"तुम्ही कशाला माफी मागता?" कमळाबाईंनी मेजरच्या कानामागे खाजवायला सुरुवात केली होती, आणि ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नव्हतं. "रोज वेळेवर येणारा आमच्या त्या प्लॉटवर हा एकटाच. मुकादम येत नाही, गवंडी येत नाही, हा येतो." मग त्या विमलाबाईंना म्हणाल्या, "खोटं बोललात ते मला आवडलं नाही. पण तोंडावर कबूल केलंत. माझ्याच्याने झालं नसतं एवढं. बाबा, ते तुमचं राहिलंय ते पुरं करा. ह्यांना भूक सोसत नाही."

"बरोबर आहे," मास्तर अगदी मनापासून म्हणाले.

बाबा पुन्हा अंगणाच्या मधोमध उभे राहिले.

"साळूबाई. रजेवर."

"निवृत्ती."

"हजर."

विमलाबाईंनी श्वास घेतला. पण बाबा पुढे म्हणाले, "पुंजाराम."

"हजर."

"लता."

"हजर."

विमलाबाईंच्या ध्यानात आलं. आपलं नाव गळलं. इतक्या वर्षांत एकदाही, माहेरी गेल्या तेव्हाही, बाळंतपणातही ते गळलं नव्हतं. त्यांनी पदर तोंडाशी धरला. दोष आपलाच होता, त्यामुळे कोणाला काही म्हणायची सोय नव्हती.

"यशोधरा."

"हजर."

"लग्न झाल्यावर हिचं नाव काढणार का तुम्ही?" कमळाबाईंनी विचारलं. सगळ्यांनी चमकून त्यांच्याकडे पाहिलं. ठरलं हे सांगायची त्यांची ही रीत असावी.

"काढायचं नसतं," बाबा म्हणाले. "बदली म्हणीन." आणि त्यांनी पुढचं नाव घेतलं. "मेजर."

मेजरने मान वर केली आणि गल्लीत दिला होता त्याच्याही वरचा सूर लावला. मास्तरांनी कानावर हात घेतले. भास्करला हसू आवरेना, आणि यशोधरेलाही.

हजेरी संपली असं समजून लताबाई ताटांकडे वळल्या. पण बाबा जागचे हलले नव्हते. त्यांनी टाचा जुळवल्या आणि खणखणीत आवाजात, त्या पहिल्या संध्याकाळी घेतलं होतं तसंच, शेवटचं नाव घेतलं.

"विमल."

आणि सलाम ठोकला.

"पण बाबा," निवृत्ती म्हणाला, "आणलं तर भास्करनं."

"ते नुसते मागनं चालत आले," बाबा म्हणाले. त्यांचा हात अजून कपाळाशीच होता.

विमलाबाईंनी तोंडाशी धरलेला पदर घट्ट आवळला. लताबाईंनी हळूच त्यांच्या कोपराला धक्का दिला आणि कानाशी म्हणाल्या, "हजर म्हणा, अक्का. भाकरी गार व्हायल्या."

"हजर," विमलाबाई म्हणाल्या, आणि पदराने डोळे पुसत ताटं वाढायला आत गेल्या.